बर्कलीचं ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ : तिथे राहत कोण होतं?

शिरवळ_नाका

दिव्यांग संघटनेच्या वार्षिक अंकात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’वर चार पानांचं टिपण जायचं आहे. मराठीत हाताशी असलेल्या मजकुरात एड रॉबर्ट्स, १९७२ आणि ‘अपंगांचं स्वावलंबन केंद्र’ एवढंच फिरतं, पुढे काही नाही. केंद्र म्हटलं की आपल्याकडे वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खोल्या, खाटा, मेस आणि अधीक्षक उभे राहतात. तर तिथे निवासाची सोय किती जणांची होती? सुरुवात हॉस्पिटलात झाली असं एके ठिकाणी म्हटलंय, ते कसं? दिवसभर तिथे चालायचं काय, आणि पैसा कुणी दिला?

शेवटचं पान ‘तालुक्याच्या गावात यातलं काय जमेल’ यासाठी राखून ठेवलंय. तिथे उपदेश नको, कामाचा तपशील हवा.

ओसरी

निवासाची सोय शून्य. एकही खाट नव्हती, आजही नाही. अमेरिकी कायद्यात अशा केंद्राची जी व्याख्या आहे तिच्यातच ‘अनिवासी’ हा शब्द घातलेला आहे. बाकीच्या अटी अशा : संस्था खासगी पण ना-नफा हवी, वस्तीतच हवी, एकाच प्रकारच्या अपंगत्वापुरती नको, आणि ती अपंग माणसांनीच चालवलेली हवी. लोक आपापल्या भाड्याच्या घरात राहायचे. तसं राहता यावं म्हणून जे जे लागतं ते मिळवून देणारी जागा म्हणजे हे केंद्र. तुमच्या टिपणाचं पहिलं वाक्य हेच करा, नाहीतर पुढची चार पानं वाचणारा खाटाच मोजत बसेल.

हॉस्पिटलचा भाग खरा आहे, पण तो केंद्राच्या १० वर्षं आधीचा. एड रॉबर्ट्सना १९५३ मध्ये, वयाच्या १४ व्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचं शरीर जवळजवळ पूर्ण लुळं पडलं. रात्री आयर्न लंगमध्ये, म्हणजे श्वास चालवणाऱ्या लोखंडी पेटीसारख्या यंत्रात झोपायचं आणि दिवसा हवा घोट घोट गिळून श्वास घ्यायचा, ज्याला ‘फ्रॉग ब्रीदिंग’ म्हणतात. शारीरिक शिक्षण आणि मोटार चालवण्याचे तास झाले नाहीत म्हणून हायस्कूलने त्यांचा डिप्लोमा अडवला होता. तो भांडून मिळवावा लागला. सॅन मटेओच्या कॉलेजातून १९६२ मध्ये ते बर्कलीला आले तेव्हा दोन अडचणी उभ्या राहिल्या. राज्याच्या पुनर्वसन खात्याने ‘हा माणूस नोकरी करण्याजोगा नाही’ असा शेरा मारून खर्च नाकारला. आणि सुमारे ८०० पौंडांचं, म्हणजे ३६० किलोंचं आयर्न लंग विद्यापीठाच्या कुठल्याही वसतिगृहात ठेवता येईना. पहिली अडचण वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर सुटली. दुसरीवर विद्यार्थी आरोग्य सेवेचे प्रमुख डॉ. हेन्री ब्रून यांनी तोड काढली : आवारातल्या कॉवेल हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर खोली द्यायची, पण ती विद्यार्थ्याची खोली म्हणून.

पुढच्या वर्षी जॉन हेसलर आले. पाण्यात सूर मारताना मानेला इजा होऊन त्यांचे हातपाय गेले होते. १९६० चं दशक संपेपर्यंत त्या मजल्यावर दहा-बारा जण झाले आणि त्यांनी स्वतःला ‘रोलिंग क्वाड्स’ (क्वाड म्हणजे चारही हातपाय लुळे पडलेला) म्हणवून घ्यायला सुरुवात केली. १९६९ मध्ये पुनर्वसन खात्याच्या एका समुपदेशकाने अभ्यासाच्या प्रगतीवरून दोघांचा आधार काढून घेण्याची भाषा केली. सगळा मजला एक झाला, वृत्तपत्रांपर्यंत गेला, आणि समुपदेशकाची बदली झाली. मला हा प्रसंग सगळ्या इतिहासातला सांधा वाटतो. तोवर एकेकट्याची लढाई होती. इथून पुढे मागणी गटाची झाली. त्याच सुमारास त्यांनी हॉस्पिटलबाहेर राहायला काय काय लागेल यावर विद्यापीठातच एक अभ्यासवर्ग चालवला. त्या वर्गाची यादी साधी होती : खुर्ची दुरुस्त करणारा माणूस, विश्वासू मदतनीस, पायऱ्या नसलेलं घर, फूटपाथला उतार, आणि सरकारी कागद समजावून सांगणारं कुणीतरी.

ही यादी १९७० मध्ये ‘फिजिकली डिसेबल्ड स्टुडंट्स प्रोग्रॅम’ या नावाने प्रत्यक्षात आली. वंचित विद्यार्थ्यांसाठीच्या संघराज्य निधीतला १० टक्के भाग अपंग विद्यार्थ्यांसाठी राखला जावा, यासाठी रॉबर्ट्स यांच्या कॉलेजातल्या मार्गदर्शक जीन वर्थ आणि खुद्द रॉबर्ट्स यांनी वॉशिंग्टनमध्ये खटपट केली होती. त्याच पैशातून ड्युरंट ॲव्हेन्यूवरच्या एका फ्लॅटमध्ये कचेरी थाटली गेली, हेसलर संचालक झाले. पण ‘विद्यार्थ्यांसाठी’ ही अट आठवड्याभरातही टिकेना अशी स्थिती होती. शिक्षण संपलेले, कधीच कॉलेजात न गेलेले, म्हातारे, अंध असे गावातले लोक फोन करत. विद्यापीठाचा पैसा त्यांच्यावर खर्च करता येत नव्हता. म्हणून १९७२ मध्ये वेगळी संस्था नोंदवली गेली, तीच ही. पहिलं मोठं अनुदान त्याच वर्षी संघराज्याच्या पुनर्वसन प्रशासनाकडून मिळालं, ५०,००० डॉलरचं. १९७५ मध्ये टेलिग्राफ ॲव्हेन्यूवर २५३९ क्रमांकाची जागा मिळाली आणि पुढची ३५ वर्षं केंद्र तिथेच होतं.

पाना_पक्कड

रोज काय चालायचं, यात दुरुस्तीला निम्मं पान द्या. बहुतेक लेखांत ‘व्हीलचेअर दुरुस्तीची सोय होती’ एवढ्यावर काम भागवतात, पण बाहेर राहणं शक्य झालं त्यात दुरुस्तीच्या टेबलाचा वाटा फार मोठा आहे.

तेव्हाच्या पॉवर खुर्च्या हॉस्पिटलच्या गुळगुळीत फरशीसाठी बनवलेल्या होत्या. बर्कली चढउताराचं गाव. दिवसभर चढावर चालवल्यावर मोटार तापते, पट्ट्यावर चालणारी खुर्ची पावसात भिजली की पट्टा सटकतो, फूटपाथच्या कडेवर आपटून पुढच्या छोट्या चाकाचा दांडा वाकतो. दोन १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट मिळतात. त्यातली एक कमजोर झाली की चांगली बॅटरीही तिच्यामागे लवकर जाते, म्हणून बदलायच्या तर जोडीने. रात्रभर चार्ज न करता अर्धवट उतरलेली ठेवली की पत्र्यांवर सल्फेट बसतं आणि क्षमता कायमची घटते. बाजारावर एव्हरेस्ट अँड जेनिंग्ज या एका कंपनीची इतकी पकड होती की १९७७ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने तिच्यावर मक्तेदारीचा खटला भरला. सुटे भाग महाग, आणि कंपनीकडे खुर्ची पाठवली की आठवडेच्या आठवडे जाणार. ज्याला खुर्चीशिवाय हलता येत नाही त्याच्यासाठी ते आठवडे म्हणजे अंथरूण. हॉस्पिटलात असताना निदान खाटेजवळ जेवण यायचं. फ्लॅटमध्ये तेही नाही.

त्यामुळे केंद्राच्या दुरुस्तीचे दोन नियम पक्के होते. एक, आणीबाणीची दुरुस्ती त्याच दिवशी, गरज पडली तर रस्त्यावर जाऊन. दोन, मोठं काम असेल तर बदली खुर्ची द्यायची.

तालुक्याच्या पानासाठी हे घ्या, कारण सगळ्यात कमी पैशात सुरू होणारं काम हेच आहे. सायकल दुरुस्तीवाल्याला सोबत घ्या, पण टायरचा आकडा त्याच्या अंदाजावर सोडू नका. हाताने ढकलायच्या खुर्चीचं मागचं चाक बहुधा २४ x १ ३/८ असतं आणि त्याच्या कडेवर ३७-५४० असा आकडा असतो. मुलांच्या सायकलचं ‘२४ इंची’ टायर ५०७ च्या रिमचं असतं. नाव एकच, पण ते या चाकावर बसत नाही. ओढूनताणून चढवलं तर ट्यूब चिमटते. पुढच्या छोट्या चाकात पुष्कळदा ६०८ नंबरचं बेअरिंग असतं : भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. स्केटिंगच्या चाकातही तेच असल्यामुळे खेळाच्या दुकानात मिळतं. केसांचं गुंतवळ बेअरिंग खातं, म्हणून महिन्यातून एकदा चाक काढून आसावरचे केस आणि दोरे कापायचे.

हाताशी ठेवायचं सामान : टायर-ट्यूबच्या चार जोड्या, पंक्चरचं साहित्य, बेअरिंगं वीसेक, ब्रेकचे दोन संच, ४, ५ आणि ६ मिमीच्या ॲलन की, १० ते १९ पर्यंतचे पाने, मल्टिमीटर, आणि कुबड्यांची रबरी बुटं. बुटं नळीचा बाहेरचा व्यास मोजूनच घ्यायची. तळ गुळगुळीत झालेलं बूट ओल्या फरशीवर सटकतं, आणि त्या एका पडण्यात खुब्याचं हाड मोडू शकतं. बसायचं रेक्झिन झोळीसारखं लोंबायला लागलं की लगेच बदला. लोंबलेल्या बैठकीत मांड्या आत वळतात, कंबर एका बाजूला कलते आणि सगळा भार एकाच हाडावर येतो. बेडसोर तिथेच होतो.

बदली म्हणून निदान दोन चालू खुर्च्या, १६ आणि १८ इंच रुंदीच्या, कायम कोपऱ्यात उभ्या हव्यात. देणगीत आलेल्या खुर्च्या सगळ्या वाटून टाकायचा मोह होतो आणि मग दुरुस्तीचं काम बसतं.

रात्रपाळी

दुरुस्तीइतकीच जागा मदतनिसांना द्यावी लागेल. मला तर हेच केंद्राचं हृदय वाटतं.

कॅलिफोर्नियात अपंग माणसाला मदतनीस ठेवण्यासाठी सरकारी पैसा मिळण्याची व्यवस्था आधीपासून होती. १९७३ पासून ती ‘इन-होम सपोर्टिव्ह सर्व्हिसेस’ म्हणून चालते. काउंटी, म्हणजे तिकडचं जिल्हा प्रशासन, घरी येऊन कामं मोजते, महिन्याचे तास मंजूर करते (आज कमाल २८३), आणि मदतनीस कोण ठेवायचा, कुणाला काढायचं, काम कसं करून घ्यायचं हे अपंग माणूस ठरवतो. केंद्र मालक नव्हतं. केंद्राकडे इच्छुकांची यादी असायची : कोणत्या वेळा जमतात, उचलण्याचं काम जमतं का, अंघोळ-शौचाची मदत करायची तयारी आहे का, गाडी चालवता येते का, आधीच्या ठिकाणचा अनुभव काय. मागणाऱ्याला त्यातली काही नावं मिळायची आणि मुलाखत त्याने स्वतः घ्यायची. मुलाखत कशी घ्यायची, काय विचारायचं, ‘नाही’ कसं म्हणायचं हे शिकवायला दुसरा अपंग माणूसच असायचा. वर्षानुवर्षं ‘मला सांभाळतात’ असं ऐकलेल्या माणसाला पहिल्यांदा कुणाला तरी कामाला ठेवताना घाम फुटतो. ती भीती ज्याने अनुभवलीय त्याच्याकडूनच जाते. पिअर काउन्सेलिंग म्हणतात ते मुळात हेच.

कुठे बिघडतं, ते सांगतो. एकाच मदतनिसावर सगळं सोपवलं की तो आजारी पडल्याच्या सकाळी माणूस अंथरुणातच राहतो. हातपाय दोन्ही गेलेल्या माणसाला सकाळी शौच, अंघोळ, कपडे, खुर्चीत बसणं यालाच दीड ते दोन तास लागतात, रात्री पुन्हा तासभर. हे दोघा-तिघांत वाटावं आणि वर आणीबाणीचा एक नंबर असावा. बर्कलीला ही आणीबाणीची यादी दिवसरात्र चालायची. कामाचा कागद लिहिलेला हवा, क्रमासकट. ‘पाठीमागून धर’ एवढं पुरत नाही. ब्रेक लावला का, पाय पाट्यावरून खाली घेतले का, लघवीची पिशवी आधी मोकळी केली का, हे ओळीने लिहायचं.

दोन गोष्टी त्या कागदावर लाल शाईत. खुर्चीत बसल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी भार हलवायचा, पुढे वाकून किंवा बाजूला कलून. आणि ज्यांची मज्जारज्जूची इजा छातीच्या सहाव्या मणक्याशी किंवा त्याच्या वर आहे त्यांना अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, घाम सुटला तर आधी सरळ बसवा, मग लघवीची नळी कुठे मुरगळली आहे का ते पाहा. मूत्राशय तुंबल्यामुळे रक्तदाब धोक्याच्या पातळीवर जातो. नळी मोकळी होऊनही उतार पडला नाही तर ताबडतोब दवाखाना. हे मदतनिसाला पहिल्या दिवशीच माहीत हवं.

आपल्याकडची वेगळी अडचण अशी की पगारी माणूस ठेवला तरी घर त्याला वापरून घेतं. दळण आण, गॅसचा नंबर लाव, पाहुण्यांचा चहा टाक. ज्याच्यासाठी ठेवला तो अंघोळीची वाट बघत बसतो. म्हणून तास कुणाचे हे सुरुवातीलाच घरातल्या सगळ्यांसमोर ठरवावं आणि पगार त्याच माणसाच्या हातून जावा, मग रक्कम मुलाने किंवा सुनेने का दिलेली असेना. सगळं आई किंवा बायको करत असेल तिथे आठवड्यातल्या चार सकाळी जरी दुसऱ्याने घेतल्या तरी तिची कंबर वाचते.

ओसरी

पैशाबद्दल राहिलं होतं. १९७५ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी रॉबर्ट्स यांना राज्याच्या पुनर्वसन खात्याचं संचालक केलं. ज्या खात्याने १३ वर्षांपूर्वी नाकारलं होतं, तेच खातं. त्यांनी तिथून कॅलिफोर्नियात ठिकठिकाणी अशीच केंद्रं सुरू करायला पैसा वळवला. १९७८ मध्ये पुनर्वसन कायद्यात सातवं प्रकरण घातलं गेलं आणि देशभरच्या केंद्रांना संघराज्याचा निधी कायद्यानेच मिळायला लागला. आज तिकडे अशी केंद्रं ४०० च्या आसपास आहेत.

पण बर्कलीच्या केंद्राचा हिशेब कधीच निर्धास्त नव्हता. पैसा तुकड्यातुकड्यांनी यायचा : शहराचा, राज्याचा, रोजगार योजनेचा, एकेका प्रकल्पाचा. प्रत्येक तुकड्याची मुदत वेगळी, अहवाल वेगळा. १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावाने कॅलिफोर्नियात मालमत्ता कर घटवून त्याच्या वाढीवर मर्यादा घातली तेव्हा शहरांची तिजोरी आटली, पाठोपाठ १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला संघराज्याच्या योजनांना कात्री लागली. प्रकल्पाच्या पैशावर माणसं नेमली की प्रकल्पाबरोबर माणसं जातात, आणि आधी जातो तो दुरुस्ती किंवा यादी सांभाळणारा, कारण त्याच्या कामाचं स्वतंत्र अनुदान नसतं. तुमच्या संघटनेने हे दोन पगार नेहमी सर्वसाधारण निधीतून द्यावेत.

‘५०४’चा उल्लेख टाळू नका. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४ ने सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेला अपंगत्वावरून भेदभाव करायला बंदी घातली, पण नियम निघेनात. ५ एप्रिल १९७७ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या संघराज्य इमारतीत शंभराहून अधिक लोक शिरले आणि ३० एप्रिललाच बाहेर पडले. आरोग्य, शिक्षण आणि कल्याण मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी २८ ला नियमांवर सही केली. जूडी ह्यूमन आणि किटी कोन पुढे होत्या. त्या तेव्हा बर्कलीच्या केंद्रातून काम करत होत्या, म्हणजे मदतनिसांची यादी आणि एकमेकांच्या गरजा माहीत असलेली माणसं तयारच होती. त्याशिवाय इतके दिवस आत टिकणं अशक्य होतं. औषधं गार ठेवायला एअर कंडिशनरला खोका चिकटवून फ्रिज केला. फोन तोडले तेव्हा कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून खुणांच्या भाषेत निरोप बाहेर पाठवले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाने रोज गरम जेवण पोचवलं. त्यांचे ब्रॅड लोमॅक्स स्वतः व्हीलचेअरवर आतच होते.

पायवाट

एक दुरुस्ती. ‘जगातला पहिला फूटपाथचा उतार बर्कलीत’ असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं, ते उचलू नका. मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावात १९४५ मध्येच युद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांसाठी असे उतार केले होते. बर्कलीचं वेगळेपण असं की सप्टेंबर १९७१ मध्ये नगर परिषदेने ते धोरण म्हणून मान्य केलं आणि सुरुवातीला १५ कोपरे नावानिशी ठरवून दिले. एखादा उतार कुणाच्या घरासमोर करून भागत नाही. घरापासून दुकान, दुकानापासून बसथांबा अशी सलग वाट हवी, मध्ये एक कोपरा राहिला की सगळी वाट बंद. ही वाट आखण्यात हेल झुकास यांचा वाटा मोठा. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं), बोलणं अनोळखी माणसाला पटकन कळत नसे, डोक्याला बांधलेल्या काठीने फळ्यावरची अक्षरं दाखवायचे, आणि रॅम्पच्या मापांवर त्यांच्याशी वाद घालणं इंजिनिअरांना जड जायचं.

केंद्रात अंध लोकही होते याचा इथे खरा उपयोग झाला. फूटपाथ रस्त्याला अगदी सपाट मिळवला तर पांढरी काठी वापरणाऱ्याला फूटपाथ कुठे संपला हे कळत नाही आणि तो सरळ वाहनांत जातो. कॅलिफोर्नियाच्या नियमांत म्हणून उताराच्या तळाशी अर्ध्या इंचाची तिरकस कड आणि कडेने १२ इंच रुंद खाचांचा पट्टा आला. पुढे पायाला जाणवणाऱ्या उठावदार ठिपक्यांच्या फरश्या आल्या.

आपल्या गावासाठी मापं : उतार १:१२, म्हणजे १५ सेंमीच्या एका पायरीला १८० सेंमी लांबी. तीन पायऱ्या, ४५ सेंमी उंची असेल तर ५ मीटर ४० सेंमी. ग्रामपंचायतीच्या दारात बहुतेकदा दीड-दोन मीटरचा तुकडा ओतून ‘रॅम्प झाला’ म्हणतात; त्यावर खुर्ची मागे उलटते. दारासमोर दीड मीटर लांब-रुंद सपाट जागा हवी, नाहीतर उतारावर खुर्ची धरून दार उघडता येत नाही. दोन्ही बाजूंना कठडा हवा. तळाशी पाणी साचतं का ते जूनच्या पहिल्या जोरदार पावसात बघा आणि गटाराच्या जाळीच्या फटी १३ मिमीपेक्षा रुंद नकोत. शिवाय त्या चालण्याच्या दिशेला आडव्या असाव्यात, उभ्या असल्या तर पुढचं चाक अडकून माणूस तोंडावर पडतो. वर चकाकणारी टाइल लावू देऊ नका. काँक्रीट ओलं असताना खराट्याने आडव्या रेघा मारल्या की पुरे.

शिरवळ_नाका

सगळ्यांचे आभार, टिपणाचा आराखडाच बदलला. दोन प्रश्न राहिले. आपल्या कायद्यात घरी राहण्याच्या हक्काला आणि मदतनिसाला आधार कुठे आहे? आणि ग्रामपंचायतीचा दिव्यांगांसाठी राखलेला ५ टक्के निधी बहुतेक ठिकाणी माणशी वाटून संपतो. तो दुरुस्तीकडे वळवायचा तर मागणी कशी मांडायची?

सातबारा

आधार आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम ५ : दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, तिला एखाद्या ठरावीक निवासव्यवस्थेत राहायला भाग पाडता येणार नाही, आणि वैयक्तिक मदतीसह आधारसेवा मिळाव्यात यासाठी शासनाने प्रयत्न करायचे. हे कलम संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातल्या अनुच्छेद १९ वरून आलं. भारताने तो करार २००७ मध्ये मान्य केला. कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे आणि अशी गरज तपासून घेण्यासाठी अर्ज कसा करायचा ते कलम ३८ मध्ये. कॅलिफोर्नियासारखे मोजून दिलेले तास यात नाहीत, हा मोठा फरक टिपणात स्पष्ट लिहा. ‘प्रयत्न करायचे’ या शब्दांवर न्यायालयात जाता येतं, पण त्या शब्दांनी सकाळी ६ वाजता मदतनीस दारात येत नाही.

वसतिगृहांबद्दल एक विनंती. बर्कलीचं कौतुक करताना आपल्या निवासी संस्थांना कमी लेखू नका. कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ सुरू केली. गावातली शाळा पायऱ्यांची आणि घर डोंगरावर असेल तर मुलीच्या शिक्षणाला वसतिगृहच वाट देतं. शिक्षणानंतर ती मुलगी परत कुठे जाते, हा प्रश्न मात्र अशा केंद्राने उचलायचा.

५ टक्के निधी : वाटप थांबवा अशी मागणी करू नका, गावात फूट पडते. ज्यांची साधनं नादुरुस्त पडली आहेत त्यांची यादी आधी करा : नाव, युडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राचा) क्रमांक, साधन कोणतं, काय मोडलंय, भागाची किंमत. ग्रामसभेच्या किमान १० दिवस आधी लेखी अर्ज द्या आणि ‘दिव्यांग साधन दुरुस्ती’ असा स्वतंत्र विषय अजेंड्यावर घ्यायला सांगा. ऐनवेळच्या विषयात गेलं की ठराव मोघम होतो. ठरावात रक्कम आणि काम दोन्ही हवं. कोटेशन त्याच सायकलवाल्याचं जोडा. चार-पाच ग्रामपंचायतींनी मिळून आठवडी बाजाराच्या दिवशी एकच टेबल लावलं तर प्रत्येकीचा वाटा छोटा होतो, आणि त्या दिवशी लोक तालुक्याला येतातच.

ओसरी

शेवटचं, छापण्याआधी बघाच. ‘संस्थापक : एड रॉबर्ट्स’ अशी चौकट करू नका. केंद्राचे पहिले संचालक लॅरी बिस्कॅम्प होते. रॉबर्ट्स त्यांच्यानंतर आले आणि १९७५ मध्ये राज्याच्या खात्यात गेले, मग फिल ड्रेपर यांनी सूत्रं घेतली. हेसलर, झुकास ही नावंही त्याच ओळीत हवीत. फोटो टाकायचा असेल तर २०१० मध्ये ॲशबी मेट्रो स्थानकाला लागून उघडलेल्या ‘एड रॉबर्ट्स कॅम्पस’मधल्या लाल गोल रॅम्पचा टाका. केंद्राची कचेरी आता तिथे आहे. आणि त्या फोटोखालीही ‘येथे कुणी राहत नाही’ असं लिहा.